झेनोन कुश्मीरेकच्या कॅसेटी

१७ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची. व्रोत्सवाफहून सकाळची गाडी, पुढे बस, आणि बसथांब्यापासून चढणीचा रस्ता, तोही दोन टेपडेक, एक जुना अटारी कॉम्प्युटर आणि कपड्यांची बॅग ओढत. पण ऊन असं लख्ख पडलं होतं की तक्रार करवेना. टेकडीवरचे बर्च पिवळेधमक झालेत, बंद पडलेल्या खाणीच्या मनोऱ्यावर कबुतरं बसलीत, आणि मी चक्क गुणगुणत चढत होते. इवोला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, गाऊ नकोस बाई, गावात उरलीत तेवढी माणसंही पळून जातील.

इवो आणि मी, एवढीच आमची संस्था. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे लोकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, टीव्हीला कॉम्प्युटर जोडून जे खेळ लिहिले, त्यांच्या कॅसेटी आम्ही गोळा करतो. साफ करतो, त्यांच्यावरचा किरकिरा आवाज उतरवून घेतो, आणि तो मशीनला ऐकवला की खेळ पुन्हा उभा राहतो का ते बघतो. टेपचं आयुष्य तीस-चाळीस वर्षं. म्हणजे आम्ही कायम कुणाच्या तरी उशाशी बसलेले.

इथला ऐवज मोठा आहे. झेनोन कुश्मीरेक एकोणीस वर्षं खाणीत होता. धुळीने छाती गेल्यावर वर आला आणि खाणकामगारांच्या कलाभवनात कॉम्प्युटर शिकवायला लागला. १९८८ साली त्याने ‘नववा थर’ लिहिला. जमिनीखाली अडकलेला एक माणूस, तळाशी नववा थर, तिथून एकेक थर चढत वर यायचं. मी आठ वर्षांची असताना मावसभावाकडे तो खेळले आणि महिनाभर मला दुसरं काही सुचलं नाही. आजवर सापडलेली प्रत्येक नक्कल चौथ्या थरावर बंद पडते. तिसरा थर कुणी पाहिलेलाच नाही. ऑगस्टमध्ये त्याच्या बहिणीचं पत्र आलं. झेनोन आता नाही, कॅसेटी सहाशेच्या वर आहेत, साफ झाल्याशिवाय घराबाहेर जाणार नाहीत, तेव्हा कुणीतरी येऊन राहावं.

बहीण म्हणजे लेओकादियाबाई. बहात्तर वर्षांच्या, ठेंगण्या, केस नीट बसवलेले, कडक इस्त्रीचा एप्रन. दारातच घरातल्या चपला पुढे केल्या. म्हणाल्या, बूट काढ पोरी, फरशी कालच पुसलीय. मग वाफाळता झुरेक, आंबवलेल्या पिठाचं सूप, त्यात अर्धं अंडं आणि सॉसेज. आंबट इतका की कानशिलं दुखली, पण दोनदा घेतला. मी जेवताना त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. बारीक बोटं आहेत तुझी, म्हणाल्या, कॅसेटीला असेच हात लागतात, माझी बोटं बघ, नुसते बटाटे.

घर तळमजल्यावर आहे. लांब बोळ, दोन्हीकडे खोल्या, टोकाला भिंतीला लावलेलं मोठं कपाट. मला रस्त्याकडची खोली मिळालीय, तिथेच झोपायचं आणि तिथेच काम. कॅसेटी बाई स्वतः दहा-दहा आणून देणार. मी म्हणाले, मीच आणते की. त्या म्हणाल्या, तुला काय ठाऊक कुठली कुठे.

१९ ऑक्टोबर, बुधवार

कालपासून काम सुरू. पहिल्या दहा कॅसेटी बाईंनी ट्रेमध्ये आणल्या, वर पांढरा रुमाल झाकलेला, केक आणावा तसा.

बुरशी मी खूप पाहिलीय. टेपच्या कडेला धरते, पावडरीसारखी असते, कोरडी. मास्क लावायचा, हातमोजे घालायचे, कवच उघडायचं, रीळ नव्या कवचात बसवायचं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसत टेप हळूहळू फिरवायची. कंटाळवाणं काम, किळसवाणं नाही.

ही बुरशी कोरडी नाही. पहिल्या कॅसेटचे पाच स्क्रू काढून झाकण उचललं तर झाकणाबरोबर ताणले जाणारे धागे. पांढरे, ओले, लाळेसारखे. दोन्ही रिळांवर दाट लव, आणि तिच्या खाली पिवळसर मेणचट थर, कानातल्या मळासारखा. बोळा लावला तर तो निघाला नाही, पसरला. आणि वास. कुबट नव्हे. मी बराच वेळ शोधत होते की हा वास कसला, मग कळलं. सकाळी उठल्यावर आपल्याच तोंडाला येतो तो. मास्कमधूनही येत होता.

खिडकी उघडायला गेले तर बाई म्हणाल्या, गारठा आत येतो, कॅसेटींना बाधेल. मी समजावलं की कोरडी हवा चांगलीच. त्या हसल्या. झेनोनही असाच शहाणपणा शिकवतो, म्हणाल्या, खेळ लोड होत असला की वीस मिनिटं घरात कुणी पाऊल टाकायचं नाही, फरशी हलली तर टेप अडखळते. एकदा मला शिंक आली तर दोन दिवस बोलला नाही.

त्याच्यावर फार जीव असावा त्यांचा. अजून ‘म्हणतो’, ‘आवडतं’ असंच बोलतात त्याच्याविषयी. माझी आईही बाबा गेल्यावर वर्षभर तशीच बोलायची.

२२ ऑक्टोबर, शनिवार

चाळीस झाल्या. बऱ्याचशा नकला आहेत, बाजारात हातोहात फिरणारे परदेशी खेळ. दोन-तीन कलाभवनात लिहिलेले, अगदी कुणालाच ठाऊक नसलेले. एकात गोगलगाय बँक लुटते. इवोला आवाज पाठवला तर तो फोनवर हसून हसून खोकला.

आज एक घाण गोष्ट घडली. लिहावीशी वाटत नाही, पण रोजनिशीत खोटं कशाला.

एका टेपचं टोक रिळातून निसटलं होतं. हातमोज्याने पकडता येईना म्हणून उजव्या हाताचा मोजा काढला. तरी निसटत होतं. मग मी मास्क खाली ओढला, बोट जिभेवर ओलं केलं, टोक उचललं आणि पुन्हा बोट जिभेवर ओलं केलं. नोटा मोजताना करतात तसं. तीन-चार वेळा. टोक बसलं, टेप फिरायला लागली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

धावत न्हाणीघरात गेले. साबणाने जीभ घासली. ओकारी येत होती पण आलं काहीच नाही. बारा वर्षं हे काम करतेय, असं कधी केलेलं नाही.

बाई टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. काय झालं विचारलं. मी सांगितलं. त्यांना काही घाण वाटली नाही. उलट चेहरा उजळला. झेनोन तसंच करतो, म्हणाल्या, नेहमी थुंकी लावूनच, मी ओरडते त्याला.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

तोंडाला चव नाही. म्हणजे आहे, पण एकच. बाईंनी डुकराच्या पायांची थिजवलेली जेली केली होती. मला ती लहानपणापासून आवडते, वर व्हिनेगर घालून. आज चमचा लावला तर ती थरथरली आणि तिच्या आत, खोलवर, एक पांढरा केस दिसला. केस नव्हता, स्नायूचा धागा होता, मी बाहेर काढून बघितला. तरी पुढे खाववेना. बाई म्हणाल्या, नाटकी आहेस. मग माझी बशी स्वतः संपवली, बोटाने पुसून.

जिभेवर पांढरा थर आहे. सकाळी चमच्याने खरवडला. चिकट निघतो. दुपारपर्यंत पुन्हा येतो.

साफ झालेल्या पहिल्या पन्नास कॅसेटी पोस्टाने इवोला पाठवल्या. कुरिअरवाला खोकं उचलताना म्हणाला, काय आहे हो यात, चीज का?

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडला. तिसरा थर सापडला.

बाईंनी आज ट्रेऐवजी एकच कॅसेट आणली, तळहातावर ठेवून. लेबलवर बॉलपेनने फक्त ९. ती सर्वांत भरलेली होती. कवच उघडायची गरजच पडली नाही, आतल्या वाढीने ते आपणच फुगून उकललं होतं. चार तास लागले. जे निघालं ते वाटीत ठेवलं तर वाटीत मावेना. दोनदा उठून बाहेर जाऊन आले.

पण टेप धड होती. डेकच्या हेडचा स्क्रू पेचकसाने पाव-पाव फिरवत आवाज स्वच्छ केला, अटारीला ऐकवला. वीस मिनिटं मी खुर्चीत हलले नाही. बोळात बाईही उभ्या होत्या, श्वास धरून. आणि चौथ्या थराच्या टोकाला तो छोटा माणूस शिडीला लागला आणि चढला. तिसरा थर. मग दुसरा. दगडांतून झिरपणारं पाणी, तीन रंगांत, इतकं देखणं. चौतीस वर्षांत हे पाहणारी मी पहिली. मी रडले.

पहिल्या थरावर खेळ अडकतो. तिथे वर जाणारी शिडी रेखाटलीय, पण ती चढता येत नाही. लिहूनच झालेलं नाही पुढचं.

इवोला फोन केला. तो ओरडलाच आनंदाने. मग मध्येच थांबला. म्हणाला, काय गं, तू मघापासून ‘मी बसलो’, ‘मी रडलो’ असं काय बोलतेयस? सर्दी डोक्यात गेली का? मी म्हणाले, असं काही बोलले नाही मी. तो म्हणाला, तीनदा बोललीस. पार्सल आलंय, पण तो सोमवारपर्यंत बहिणीकडे आहे, आल्यावर उघडेन म्हणाला.

थकवा असेल.

३१ ऑक्टोबर, सोमवार

उद्या सर्वसंतांचा दिवस, कबरींवर दिवे लावायचा. सकाळी बाजारात गेले, दोन शेवंतीच्या कुंड्या आणि काचेतले दिवे आणले. बाबांची कबर दूर आहे, तिथे आई जाईल. मला वाटलं इथे बाईंबरोबर झेनोनच्या कबरीवर जाऊ. ज्याच्या कॅसेटी इतके दिवस हातात आहेत त्याला एक दिवा लावावा.

बाईंनी फुलं घेतली, वास घेतला, खिडकीत ठेवली. म्हणाल्या, कबर कशाला.

मी विचारलं, म्हणजे जाळलं का? त्या म्हणाल्या, काहीतरीच काय. आणि बटाटे सोलत बसल्या.

१ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं गाव दफनभूमीत. मीही गेले, कुणाच्या तरी बेवारस कबरीवर दिवा ठेवावा म्हणून. फाटकात वरच्या मजल्यावरचे कायेतानराव भेटले. खाणीत लिफ्ट चालवायचे, आता बायकोच्या कबरीजवळ घडीची खुर्ची टाकून बसतात. थर्मासमधला चहा मला दिला. मी झेनोनची कबर विचारली तर माझ्याकडे बघतच राहिले.

म्हणाले, झेनोन मेला? कधी? आम्हाला तर लेओकादियाने सांगितलं जर्मनीत गेला भाचीकडे, गेल्या वर्षी मे महिन्यात. मी तेव्हाच म्हटलं, जो माणूस जिन्याने माझ्या घरापर्यंत येताना चारदा बसतो तो जर्मनीत काय पोचतो. आणि भाची कुठली? कुश्मीरेकांना भाची नाही. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, त्याच उन्हाळ्यात तुमच्या मजल्यावरून असा वास यायचा की मी नगरपालिकेला दोन पत्रं लिहिली. लेओकादिया म्हणाली, कोबीचं पिंप नासलं. पोरी, मी सत्तर वर्षं कोबी खातोय.

दुपारी चारला परत आले. घरात शिरताना हाक मारली नाही. बाई बोळाच्या टोकाला गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्या मोठ्या कपाटाच्या पायाशी माझी शेवंती ठेवली होती, आणि माझा दिवा लावला होता.

दिव्याच्या उजेडात कपाटाआडून चौकटीची कड दिसली, मागे दार आहे. इतके दिवस मला दिसलं नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बाई ब्रेड आणायला गेल्या तेव्हा मी कपाट सरकवलं. रिकामंच होतं, सहज सरकलं. खालच्या फरशीवर रोज सरकवल्याचे चरे.

मागची खोली. पडदे ओढलेले, पण ऊन येत होतं. आधी वाटलं, खोलीत लोकर साठवलीय. फडताळं, फडताळांवर कॅसेटी, आणि सगळ्यांवर तो पांढरा थर, जाड, ओला, भिंतीवरून छतापर्यंत. सगळे धागे एका जागेहून निघालेले. टेबलापाशी आरामखुर्ची आहे. खुर्चीत तो आहे.

किती उरलाय ते लिहिणार नाही. लोकरीच्या गाउनच्या बाहीतून हात आलेला दिसतो, बोटं अटारीच्या कळांवर, आणि बोटं आणि कळा यांच्यात फट नाही. तोंड उघडं. सगळ्यांत दाट वाढ तोंडातून आलीय. वास तोच. माझ्या तोंडाला येतो तो.

शेजारी कपड्यांना इस्त्रीआधी पाणी मारायचा प्लास्टिकचा फवारा ठेवला होता, भरलेला.

मी तिथेच ओकले. जे पडलं त्यात पांढरे धागे होते.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात ब्रेड. ओरडल्या नाहीत. फवारा उचलून आधी खुर्चीवर पाणी मारलं, सावकाश, झाडांना मारावं तसं. कोरडं पडलं की गप्प होतो, म्हणाल्या. मग मला टेबलाशी बसवून सांगितलं.

एकोणीस वर्षं तो जमिनीखाली होता. एकदा पाच दिवस अडकला होता, शेजारी दोघे मेलेले. शेवटी शेवटी श्वास पुरेना तेव्हा त्याने बाईंचा हात धरून एकच मागितलं, मला परत मातीखाली घालू नकोस. त्या बोलताना रडत होत्या. मला त्यांची दया आली, हे लिहून ठेवते. मी विचारलं, मग मला कशाला बोलावलं? नाक पुसून म्हणाल्या, मातीत जायचं नाही म्हणतो, मग राहायला कुठेतरी जागा हवी ना पोरी. खुर्ची तर आता मोडायला आलीय.

मी उठले. हात झटकला त्यांचा. आणि दारातून वळून म्हणाले, रडू नकोस, पिसू.

मला तो शब्द कुठून आला माहीत नाही. बाईंनी तोंडावर हात दाबला. म्हणाल्या, पिसू मला तोच म्हणायचा, मी चार वर्षांची असल्यापासून, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार

पळाले. सकाळी सामान सोडून फक्त कोट. बसथांब्यावर पोचले, बसही आली. पायरीवर पाय ठेवला आणि छाती भरून आली. श्वास आत जाईना. दगडी धुळीची चव. बसमधल्या बाईने विचारलं, आजारी आहेस का? मी सांगणार होते, पोलिसांकडे ने. तोंडाने म्हटलं, काही नाही, घरी विसरलो एक गोष्ट.

विसरलो.

पाय उतरणीला लागले नाहीत. चढणीला लागले. मी बघत होते फक्त. दारात चपला ठेवलेल्या होत्या. माझ्या नव्हेत, मोठ्या, पुरुषी.

इवोने पार्सल उघडलं असेल का—

४ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन लागला. उघडलं नाहीये अजून. देवाची कृपा. मी सांगायला तोंड उघडलं, जाळून टाक, हात लावू नकोस. सगळं जुळवून ठेवलं होतं, कागदावर लिहिलं होतं, कागद समोर धरला होता.

माझ्याच आवाजात सांगितलं, चांगल्या कॅसेटी आहेत, स्वच्छ केल्यात, मास्कबिस्क लागत नाही. नखाने टोक उचलायला जाऊ नकोस. थुंकी लाव.

इवो म्हणाला, बोगना, थुंकी? तूच मला पहिल्या दिवशी ओरडली होतीस हातमोजा काढला म्हणून. कुठे आहेस तू नक्की? मी येतो.

नको म्हणायला गेले. नको नाही आलं.

५ नोव्हेंबर, शनिवार

दाढेच्या मागे वाढतंय. बोट घालून ओढते. लांब निघतं. घशाच्या खालून कुठूनतरी ओढल्यासारखं होतं, पोटात हलतं. तोडलं तर दुखतं. माझं नसलेलं दुखतं.

बाई समोर बसून झुरेक भरवतात. तोंड मिटलं की नाक दाबतात, लहान मुलाला करतात तसं. गोड बोलत. चव आता छान लागते. हेच सगळ्यांत घाण आहे, की छान लागते.

खिडकीवर थाप मारली. वरच्या खिडकीतून कायेतानरावांनी वाकून खाली बघितलं. हात केला मी. बाईंनीही केला. त्यांनी परत केला.

६ नोव्हेंबर, रविवार

मागच्या खोलीत बसते. बसतो. बसते.

खुर्ची रिकामी केलीय. काय केलं त्याचं विचारलं नाही. कोबीचं पिंप धुतलेलं दिसलं—

पहिल्या थराची शिडी. चूक कुठे आहे ते कळतं. कुणी न शिकवता कळतं. माझी बोटं त्याच्या भाषेत टाइप करतात आणि मध्ये मध्ये ओली व्हायला तोंडाकडे येतात. मी दातांनी चावलं बोट. रक्त पांढरट.

७ नोव्हेंबर, सोमवार

बोगना व्झोस. जन्म १९८१. आईचं नाव मालविना. वडील शिंपी. शाळेसमोर चेस्टनटची झाडं. मी मुलगी आहे. मी गेले मी आले मी बसले मी रडले मी गेले मी आले मी

बोगदा किती अंधारा होता. शेजारी स्ताख आणि त्याचा भाऊ, पाचव्या दिवशी फुगलेले. हे माझं नाही. हे माझं नाही. मी खाणीत कधी गेलो नाही

गेले नाही—

८ नोव्हेंबर, सकाळ

घंटी वाजली. इवो आलाय. आवाज ओळखला. बाई म्हणतायत, या या, बूट काढा, फरशी कालच पुसलीय. तो विचारतोय बोगना कुठे. मास्क लावून आलाय, इथून दिसतोय, शहाणा मुलगा, हातमोजेसुद्धा. पार्सल परत आणलंय, बंदच आहे—

पळ इवो. हे लिहिता येतं. बोलता येत नाही पण लिहिता येतं. कागद वर धरते, तो वाचेल—

आला. दारात उभा आहे. माझ्याकडे बघतोय आणि त्याचे डोळे— कागदाकडे बघ, कागदाकडे— वाचतोय. वाचतोय तो. एक पाऊल मागे—

तोंड उघडतंय माझं. दाबून धरलंय दोन्ही हातांनी, एका हाताने, लिहायचंय— इतक्या प्रेमळ आवाजात, माझ्याच आवाजात, जसा मी त्याला रोज—

‘घाबरतोस काय, मीच आहे, मास्क काढ,’ मी म्हणाल